टॉवर रस्त्यावर उभं राहून मोजू नका साहेब, पोरीच्या खोलीत येऊन मोजा

मा. साहेब,

(हवेतून टीव्ही सोडणारे, टॉवर कुठे राहील ते ठरवणारे, बिल्डिंगीचे नकाशे पास करणारे आणि गच्चीची चाबी कमरेले लावून फिरणारे सोसायटीवाले, हे सगळेच यात आले.)

टॉवरवरून सरळ मोबाईलवर टीव्ही आणाची चाचणी घेऊ असं सरकारकडून आलं होतं, त्याच्यासाठी हे पत्र. मी दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यात टीव्ही-रेडिओ दुरुस्त करतो. म्हणजे करत होतो, आता टीव्ही कमी आणि मोटारीचं वाइंडिंग जास्त, सीझनमध्ये फवारणीचे पंप. तुम्ही म्हणाल या खेड्यातल्या माणसाले शहरातल्या बिल्डिंगीत टीव्ही दिसते का नाही याची काय पडली. पडली ना साहेब, आमच्या गावातले अर्धे पोट्टे आता त्याच बिल्डिंगीत राहून राहिले, कोणी पुण्याले कोणी ठाण्याले, माझी पोरगी मुंबईले, आणि तिथे टीव्ही बिघडला का फोन मलेच येते.

पहिले आमचं सांगतो म्हणजे माझं बोलणं कुठून येते ते समजल. दिल्लीत टीव्ही 1959 ला आला, मुंबईत 1972 ला, आणि आमच्याकडे त्याच्या कितीतरी मागून, देशभर छोटे छोटे टॉवर बसवले तेव्हा. 100 वॅटचा टॉवर, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बएवढी ताकद, आणि त्याच्यावर 15 किलोमीटरचा मुलूख पाहायचा. आमचं गाव त्याच्याही पुढे, मधात टेकडी आणि सागवान, म्हणून 30 फुटी जीआय पाईप, वर अँटिना, बूस्टर, आणि खाली फ्लॅट वायर. एक जण कवेलूवर, एक जण दारात, एक टीव्हीपुढे. "आलं का?" "मुंग्या हायेत!" "आता?" "आवाज आला, चित्र गेलं!" अर्धा रविवार याच्यातच. आणि वांदरं! वांदराच्या टोळीले अँटिनाच्या दांड्याएवढी दुसरी आवडती जागा नाही, एक हुप्प्या बसला का मुंडकं खाली, मग सोमवारी मी सहा घरावर चढायचो, घरामागे पाच रुपये आणि चहा.

टेकडीवर आपटून आलेला सिग्नल थोडा उशिरा पोचायचा, म्हणून बातम्या देणाऱ्या बाईच्या बाजूले तिचीच फिक्की सावली बसलेली दिसे, लोक त्याले भूत म्हणत. पण भुतासकट बातम्या समजत होत्या हो. मुंग्या असल्या तरी मॅचचा स्कोअर समजत होता. हे ध्यानात ठेवा, पुढे कामी येईल.

ते टॉवर आता बंद झाले. 2021 ला दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीनं सांगितलं का सीमेवरचे, डोंगराळ भागातले वगैरे मोजके सोडून देशातले जुने अॅनालॉग टॉवर 31 मार्च 2022 पर्यंत काढून टाकू. आमची त्याच्याबद्दल काही तक्रार नाही, खरं सांगतो, तोवर घरोघर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री आली होती, महिन्याचा रुपया लागत नाही, चित्र चकाचक. माझ्या घरचा तो 30 फुटी पाईप अजून उभा आहे, आमच्या हिनं त्याच्यावर दोडक्याचा वेल चढवला.

तर खेड्यात प्रश्न मिटला. वावरात, धाब्यावर, गोठ्याच्या छपरावर, कुठेही छत्री ठोका, आभाळ मोकळं आहे. आता मुंबईले चला.

पोरीची खोली पूर्व उपनगरात, झोपडपट्टी पुनर्वसनाची सात मजली बिल्डिंग, हिचा चौथा माळा. खिडकी एकच, पश्चिमेले. खिडकीतून कंगवा फेकला तर समोरच्या बाईच्या ओट्यावर पडल एवढंच अंतर मधात, आणि त्या फटीत पाण्याचे पाईप, एसीचे डबे, आणि कधी पडलेली ते देवालेच ठाऊक अशी एक निळी ताडपत्री. फ्री डिशचं सॅटेलाईट 93.5 अंश पूर्वेले, म्हणजे आमच्या इकडून पाहिलं तर छत्रीचं तोंड आग्नेयेले आणि चांगलं 60 अंश वर करा लागते, मुंबईत दोन-तीन अंश कमी. पश्चिमेच्या खिडकीतून आग्नेय पाहायची असल तर भिंतीतून पाहा लागल. गच्चीवर लावतो म्हटलं तर सेक्रेटरी म्हणे, "काका, टेरेसवर परमिशन नाही, गळती होते." गच्चीवर दोन मोबाईल कंपन्यांचे टॉवर उभे होते ते मी माझ्या डोळ्यानं पाहून आलो, त्याच्यानं गळती होत नाही म्हणा.

बरं केबल होती घरी, मग हवेतल्या टीव्हीची खटपट कायले? याच्यात एक गंमत आहे आणि ती शहरातल्या भल्याभल्यायले माहीत नसते. 2007 चा कायदा आहे, देशाच्या महत्त्वाच्या मॅचचा सिग्नल खाजगी चॅनलनं प्रसार भारतीले द्यावा लागते. पण 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं का तो फुकटचा सिग्नल दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरच्या टॉवरवर आणि फ्री डिशवरच दाखवायचा, केबलवाले आणि खाजगी डीटीएचवाले त्याच्यावर फुकट कमाई करू शकत नाही. म्हणजे आमच्या गावातला सालदार फ्री डिशवर मॅच फुकट पाहते, आणि मुंबईतला केबलचे पैसे भरणारा माणूस तेच सरकारी स्पोर्ट्स चॅनल लावते तर मॅचच्या वेळेस तिथे दुसरंच काही चालू. त्याच्या पुढे दोनच रस्ते, पैसे भरून खाजगी चॅनल घ्या नाहीतर हवेतून पकडा.

जवाईबापू वॉचमनची नोकरी करते. 2019 चा वर्ल्ड कप आला, पोरगी म्हणे, "बाबा, तुमी एवढ्या लोकायचे टीव्ही लावले, आमचाच काऊन नाही?" लागलं ना ते मनाले.

मग मी माहिती काढली. 2016 च्या फेब्रुवारीत 16 शहरांत डिजिटल टॉवर सुरू झाले होते, डीव्हीबी-टी2 म्हणतात त्याले. मुंबई होती त्यात, औरंगाबाद होतं, रायपूर, इंदूर, भोपाळ होतं. विदर्भातलं एकही नाव नव्हतं, नागपूरही नाही, पण ते दुखणं आजचं नाही म्हणून सोडा. दूरदर्शन, बातम्या, स्पोर्ट्स धरून पाच चॅनल. एक छोटा डब्बा ऑनलाईन मागवला, अॅल्युमिनियमच्या दांड्या कापून घरीच अँटिना बनवला, पिशवीत घातला आणि बसलो गाडीत. तिकीट तपासणारा म्हणे हे काय, म्हटलं मासे वाळवायची जाळी. त्यानं मान हलवली.

खोलीत पोचल्यावर अँटिना खिडकीत धरला, वरळीच्या टॉवरकडे तोंड केलं, सर्च मारलं. काहीच नाही. मुंग्याही नाही साहेब! काळा पडदा आणि इंग्रजीत "सिग्नल नाही". आमच्या जमान्यात मुंग्या कमीजास्त झाल्या का समजे का आपण बरोबर दिशेले चाललो का चुकीच्या. डिजिटलमध्ये तसं नाही, एक तर आरशासारखं दिसते नाहीतर काहीच नाही, कड्यावरून पाय घसरावा तसं. आणि अगदी काठावर असलं तर चौकोन चौकोन, फलंदाजाचं डोकं एकीकडे बॅट दुसरीकडे, आवाज कट कट.

डब्ब्यात दोन पट्ट्या दिसतात, एक सिग्नलची ताकद, एक त्याची क्वालिटी. ताकद 70 च्या वर आणि क्वालिटी 15. मी म्हटलं बूस्टर लावतो. लावला. ताकद 90, क्वालिटी शून्य. बूस्टर चांगल्या सिग्नलसंगं कचराही तेवढाच फुगवते, आणि जवळच्या मोबाईल टॉवरचा जोर आत घुसून बूस्टर स्वतःच गोंधळून जाते हे मी दुसऱ्याले शंभर वेळा सांगतलं असल, पण स्वतःची पोरगी बाजूले उभी असली का माणूस घाई करते. काढून टाकला.

झालं काय होतं ते सांगतो. वरळीचा टॉवर उंच आहे, ताकदवान आहे, पण त्याच्या आणि पोरीच्या खिडकीच्या मधात बिल्डिंगींचं जंगल. सरळ सिग्नल पोचतच नव्हता. पोचत होते ते त्याचे तुकडे, या भिंतीवर आपटून, त्या टाकीवर आपटून, प्रत्येक वेगळ्या वाटेनं, प्रत्येक थोडा मागेपुढे, एकमेकाले कापत. डिजिटलवाल्यांनी त्याची सोय केली नाही असं नाही, सिग्नल हजारो बारीक धाग्यात वाटतात आणि दोन तुकड्याच्या मधात जराशी सबुरी ठेवतात, मागून येणारा पडसाद तेवढ्यात जिरून जावा म्हणून. पण मुळात भाकरच करपलेली असल तर ती वाढून वाढून काय वाढणार.

मग मी एक काम केलं जे गावात कधीच केलं नाही. टॉवरची सरळ दिशाच सोडली. समोरच्या बिल्डिंगीची एक कोरी भिंत होती, खिडकी नाही काही नाही, नुसतं सपाट सिमेंट, अँटिनाचं तोंड तिच्याकडे केलं. क्वालिटी 15 वरून 40 झाली! भिंतीवरून आपटून येणारा एकच तगडा सिग्नल धरायचा आणि बाकीच्यायले पाठीमागे टाकायचं, गणित एवढंच. मग वीतवीत सरकवत गेलो. 500 मेगाहर्ट्झच्या आसपासची लाट साधारण 60 सेंटिमीटरची असते, म्हणून अँटिना इकडून तिकडे वीतभर सरकवला का दुनिया बदलते, इथे शून्य आणि त्याच्याच बाजूले 60. पोरगी टीव्हीपुढे, मी खिडकीच्या ग्रिलले लटकलेला, आणि पस्तीस वर्षांनंतर तेच, "आलं का?" "नाही बाबा!" "आता?" "आलं आलं, हलू नका!" नातू म्हणे आबा असेच उभे राहा मॅच संपेपर्यंत.

शेवटी ग्रिलले तारेनं बांधला, खाली नेलपॉलिशनं खूण केली. मॅच पाहिली साहेब, पूर्ण, शेजारचे चार पोट्टे आले, दोन किलो मुरमुऱ्याचा चिवडा संपला.

पण ते दिसणं कसं होतं तेही ऐका. समोरची बाई ओल्या साड्या वाळत घाले, सहावारीच्या दोन पदरातून पाणी निथळत असे तोवर चित्र नाही, साडी अर्धी वाळली का चित्र हजर. मिक्सर लावला का चौकोन. लिफ्ट सुरू झाली का एक झटका. सकाळी पाण्याचा पंप सुरू झाला का पाऊण तास टीव्ही बंदच. पोरगी सांगे, "आमच्या इथे पाणी आलं का बातम्या जातात." आमच्या गावात लाईन गेली का दोन्ही जाते, तेवढं बरं.

मग 2021 च्या दिवाळीनंतर ती कोरी भिंत गेली. म्हणजे भिंत आहे, तिच्यापुढे नवीन टोलेजंग काम उभं राहिलं, आधी क्रेन, मग हिरवी जाळी, मग माळ्यावर माळा. क्वालिटी 60 ची 40, 40 ची 20, आणि एक दिवस काळा पडदा. पोरीनं फोन केला, मी इथून काय करू. जिथे फोन करा असं कळलं तिथे केला. तिकडचा माणूस सभ्य होता बिचारा, म्हणे, "सर, आमचा टॉवर चालू आहे, पूर्ण पॉवरवर आहे." बरोबर बोलला तो! त्याच्या मीटरवर सगळं बरोबरच असणार. म्हणूनच हे पत्र लिहून राहिलो.

भाऊबंदातला एक पोरगा वकिली शिकते, त्याले विचारलं का बा बिल्डिंग उभी करून कोणी आपला टीव्ही बंद केला तर केस होते का. त्यानं शोधून सांगतलं का लंडनमध्ये झाली होती अशी केस. कॅनरी व्हार्फचा टॉवर, जवळपास 235 मीटर उंच, बाहेरून सगळा स्टीलचा पत्रा, त्याच्या सावलीत शेकडो घरांचे टीव्ही गेले, लोक कोर्टात गेले, आणि 1997 मध्ये तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं म्हटलं का आपल्या जागेवर इमारत बांधली आणि ती मधात आली, एवढ्यावर दावा होत नाही. हरले लोक. पण दुसरी गोष्ट त्यानं जी सांगतली ती मले जास्त पटली, कोर्टाचा निकाल लागायच्या कितीतरी आधी, 1991 मध्येच, तिथल्या टीव्हीवाल्यांनी बाजूच्या एका उंच बिल्डिंगीवर छोटा रिले टॉवर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे सोडणारा, बसवून दिला होता आणि बहुतेक घरांत टीव्ही परत आला होता. कायद्यानं नाही झालं, पाना-पक्कडीनं झालं.

आता तुम्ही म्हणाल जुनं कायले उकरता, आता नवीन येऊन राहिलं. हो, तेच बोलायचं आहे मले. डायरेक्ट टू मोबाईल. आयआयटी कानपूरवाल्यांसंगं त्याचं काम झालं, सिम नाही, नेट नाही, टॉवरवरून सरळ मोबाईलमध्ये टीव्ही, 2024 च्या सुरुवातीले 19 शहरांत चाचणी घेऊ असं सरकारकडून आलं होतं, आणि 470 ते 582 मेगाहर्ट्झचा पट्टा त्याच्यासाठी राखायचं बोलणं होतं. चांगली गोष्ट आहे, मी विरोधात नाही. पण साहेब ही तर तीच लाट झाली, वीतभर सरकवली का बदलणारी! तेच सिमेंट, तोच पंप, त्याच ओल्या साड्या. आणि माझा अँटिना निदान ग्रिलले बांधलेला होता, चार दांड्यांचा होता, मोबाईल तर खिशात राहील, स्वयंपाकघरात राहील, लोखंडी कपाटाच्या मागे चार्जिंगले राहील.

जगभर टॉवरचा हिशेब करतानी घरावरचा अँटिना जमिनीपासून 10 मीटरवर मोकळ्या हवेत आहे असं धरायची रीत आहे. खेड्यात 10 मीटर म्हणजे आपला 30 फुटी पाईप, बरोबर जमते. मुंबईत 10 मीटर म्हणजे तिसरा माळा, आणि त्याच्या चारी बाजूले वीस वीस माळे. म्हणून नकाशावर सगळं शहर हिरवं दिसते आणि पोरगी म्हणते बाबा काहीच नाही.

म्हणून सांगतो, चाचणी घेतानी गाडीवर मोठा अँटिना लावून रिंग रोडनं फिरू नका, किंवा फिरा, पण त्याच्यासंगं तळमजल्याची मागची खोली पाहा, चाळीतली मधली खोली पाहा, ज्या घराले एकच खिडकी आहे आणि ती फटीत उघडते ते घर पाहा. जिथे पोचत नाही तिथे छोटे रिले बसवा. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन-चार टॉवर चालवता येतात हा तर डिजिटलचा मोठा फायदा म्हणून तुम्हीच सांगता ना, मग एका मोठ्या टॉवरवर सगळं शहर कायले लादता, चार बाजूनं चार छोटे मारा, एकाची वाट अडली तर दुसऱ्याची उघडी राहील. 100 वॅटवर आमचा अर्धा तालुका पाहत होता हो!

आणि नकाशे पास करणाऱ्यांले एवढंच, बिल्डिंगीत पाण्याचा पाईप नेता, आगीचा पाईप नेता, लिफ्ट नेता, तिथे गच्चीवर एक सामाईक अँटिना आणि एक छत्री, आणि तिथून प्रत्येक घरात एक केबल, याचा खर्च किती येईल? एका घरामागे वायर आणि दोन स्प्लिटर. मी हे आमच्या तालुक्याच्या गावी एका लॉजले करून दिलं आहे, 14 खोल्या, एक छत्री, दीड दिवसाचं काम, आणि स्लॅबले एक भोक पाडलं नाही, विटांच्या दोन जड ठोकळ्यांवर पाय बसवला. सेक्रेटरी साहेब, गळती होत नाही, तुम्ही म्हणाल तर येऊन दाखवतो, येण्याजाण्याचं तिकीट मीच काढीन.

आमच्याकडेही आता तसंच व्हाले लागलं. पुसदले, वणीले बाजारात पाहा, खाली दुकान आणि वर चार माळे, मधात गल्ली एवढी का दोन मोटारसायकली जात नाही. मागच्या महिन्यात अशाच एका घरी छत्री लावाले गेलो, मालक म्हणे गच्ची भाड्यानं दिली आहे मोबाईलवाल्याले, खिडकीत लाव. खिडकी उत्तरेले. मी पाना पिशवीत टाकला आणि त्याच्याकडून चहा तेवढा पिऊन आलो.

पोरीच्या घरचा अँटिना अजून ग्रिलले तसाच आहे, नेलपॉलिशची खूणही. नातू आता कॉलेजात जाते, तो मोबाईलवर दिवसाचा डेटा संपेपर्यंत मॅच पाहते आणि मग बारा वाजायची वाट पाहते.

आपला,
एक टीव्ही मेकॅनिक
ता. दिग्रस, जि. यवतमाळ

ता. क. मुंबईत चाचणीले याल तर सकाळी पाण्याच्या टायमाले या. पंप सुरू असते, खालच्या तिन्ही माळ्यावर मिक्सर सुरू असतात, आणि समोरची बाई पहिलं धुणं वाळत घालते. त्या टायमाले मोबाईलवर बातम्या दिसल्या तर मी स्वतः तुमचा टॉवर पास करतो. चौथ्या माळ्यावर घर आहे, लिफ्ट बहुतेक बंदच राहते.